ओटीजीत वेल्श रोस्ट लॅम्ब, आमचा अनुभव

दिवाळीत ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन घेतला, कंपनीचं नाव नाही घेत. मेव्हणा वेल्सची राजधानी कार्डिफला असतो, त्याचं कायम चालू असतं की तिकडं रविवारी रोस्ट लॅम्ब (ओव्हनमध्ये भाजलेलं कोकराचं मटण), म्हटलं आपण सोलापुरात करून बघू. आपल्याकडं मटण म्हटलं की बोकडच, म्हणून खाटकाला आधीच सांगून कोवळ्या मेंढराची मागची तंगडी अख्खी आणली, दीड किलो. वेल्स म्हणजे डोंगर, पाऊस आणि मेंढरंच मेंढरं, तिथल्या लॅम्बला २००३ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) सारखा दर्जा पण आहे. मसाला जवळपास काहीच नाही, सुरीनं चिरा पाडून लसूण आणि रोझमेरी (एक सुवासिक पाला) खोचायची, वरून मीठ, मिरी, तेल, झालं.

हिशोब असा की १८० डिग्रीवर दर ४५० ग्रॅमला २५ मिनिटं आणि वर २५, म्हणजे पावणेदोन तास. आता खरी गंमत, ओटीजीचा काटा १८० वर आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवला तर १५५!! सव्वादोन तास लागले बघा. ट्रे पण उथळ, चरबी सांडून धूर झाला. पण बटाटे आधी अर्धवट उकडून त्याच चरबीत भाजले ते एक नंबर. बाहेर काढून २० मिनिटं झाकून ठेवलं, रस आत मुरतो.

पुदिना, साखर, व्हिनेगरचा सॉस आईला अजिबात नाही आवडला, तिनं सरळ शेंगाचटणी घेतली आणि कडक भाकरी. ओटीजीला ५ पैकी ३.