आरव्ही शोच्या तंबूतला ‘सायलेंट’ जनरेटर: घेण्याआधी हे वाचा

कॅलिफोर्नियात बे एरियाच्या आसपास फेअरग्राउंडवर आरव्ही शो, म्हणजे चाकांवरच्या घरांची प्रदर्शनं, भरतात. ट्रेलरवाले असतात, सोलरवाले असतात, घडीच्या खुर्च्यावाले असतात आणि एका कडेला पांढऱ्या तंबूत ‘शो स्पेशल’ जनरेटर विकणारा एखादा असतो. आम्हाला चुना लावला तो असल्याच एका तंबूतल्या माणसाने. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनीही आमच्याबरोबर तेच यंत्र घेतलं, म्हणजे एकाच दुपारी दोन मराठी घरं गंडली. हे सविस्तर लिहितेय, कारण त्या माणसाची बहुतेक वाक्यं खरी होती. खोटं होतं ते खोक्यात.

आधी गरज काय होती ते सांगते. सांगलीहून आई-बाबा येणार होते आणि त्यांना ट्रेलरमधून योसेमिटीला न्यायचं ठरलं होतं. योसेमिटीच्या एकाही कॅम्पग्राउंडमध्ये विजेचं कनेक्शन नाही. बाबांना झोपताना सीपॅप, म्हणजे श्वास नीट चालू ठेवणारं विजेवरचं यंत्र, लागतं. जनरेटर चालवायची मुभा सकाळी ७ ते संध्याकाळी ७, तीही बेताने, त्यामुळे दिवसा ट्रेलरच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि रात्री त्यांच्यावर सीपॅप चालवायचं असा हिशोब होता. शेजारचा तंबू हाकेच्या अंतरावर असतो, तेव्हा यंत्र शांत हवंच.

तंबूतल्या टेबलावर एक यंत्र सुरू होतं. चांगलं बंदिस्त, सुटकेससारखं, वर हँडल. त्यावर दोन एलईडी दिवे आणि एक मोबाईल लावलेला. खोक्यावर ठळक अक्षरात ‘४००० वॅट’, त्याखाली ‘इन्व्हर्टर’ आणि ‘५२ डेसिबल’. किंमत १,४९९ डॉलर खोडून ६९९. विक्रेता पन्नाशीचा, गोड बोलणारा. इको स्विच दाबला की आवाज खाली यायचा, परत दाबला की वर चढायचा. “बघा, आपल्याला ओरडावं लागत नाहीये,” असं तो म्हणाला आणि ते खरंच होतं. शेजारी पॉपकॉर्नचं यंत्र, लाऊडस्पीकर आणि शेकडो माणसं असताना दोन दिव्यांवर चालणारं कुठलंही यंत्र शांतच वाटणार.

नवऱ्याने विचारलं, खोक्यातलंच सुरू करून दाखवता का? त्यावर उत्तर आलं, नवीन जनरेटरमध्ये ऑइल नसतं, इथे भरलं तर तो ‘वापरलेला’ होतो आणि वॉरंटी जाते. यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. नवे जनरेटर बिनऑइलचेच येतात. दुसऱ्या वाक्यात मेख होती, पण पहिलं खरं निघालं की दुसऱ्यावर माणूस शंका घेत नाही.

मग घाई. “कॅलिफोर्निया जनरेटर बंद करतंय, हा शेवटचा स्टॉक.” हेही अर्धं खरं. २०२१ मध्ये राज्याने लहान इंजिनांबद्दल कायदा केला, २०२४ पासून नव्या पोर्टेबल जनरेटरचे निकष कडक झाले आणि २०२८ पासून नवे जनरेटर शून्य उत्सर्जनाचे असावे लागतील. पण आज तुमच्या घरात असलेला जनरेटर वापरायला बंदी नाही आणि दुकानात आजही रीतसर प्रमाणित जनरेटर मिळतात. हे कोणी सांगितलं नाही.

पैसे देताना क्रेडिट कार्डाला ४ टक्के जास्त आणि झेलने (बँकेच्या खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) दिले तर काही नाही. आम्ही झेलने दिले. मैत्रिणीच्या नवऱ्याला पॉइंट्सचा सोस, त्याने कार्ड वापरलं. तेव्हा आम्ही त्याची चेष्टा केली होती.

योसेमिटीतल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडला पोचून यंत्रात ऑइल-पेट्रोल भरलं, दोरी ओढली आणि पिठाची गिरणी सुरू झाली. इको स्विच दाबला, काही फरक नाही. परत दाबला, तरी नाही. वर आमच्या सर्ज प्रोटेक्टरने (ट्रेलरमध्ये येणारी वीज तपासणारं उपकरण) वीज आत घ्यायलाच नकार दिला. ही दुसरी गोष्ट मात्र फसवणूक नव्हती, ती चांगल्या जनरेटरलाही होते. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, प्रोटेक्टरला वाटतं अर्थिंग नाही. न्यूट्रल आणि ग्राउंड जोडणारा छोटा प्लग मिळतो, तो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटात खोचला की काम होतं. आमच्याकडे होता.

माझे बाबा एमएसईबीतून निवृत्त झालेत. उमेदीची सगळी वर्षं सबस्टेशनमध्ये गेली. ते खुर्ची घेऊन प्रोटेक्टरच्या डिस्प्लेसमोर बसले. त्यावर आळीपाळीने व्होल्ट, अँपिअर आणि हर्ट्झ दिसतात. काही लोड नसताना ६३ हर्ट्झ. बॅटरी चार्जर सुरू केल्यावर ६१. मग बाबा म्हणाले, “अगं, आईला म्हणावं चहा ठेव.” इलेक्ट्रिक किटली १५०० वॅटची. ती लावताच यंत्र घरघरलं, आकडा ५७, ५६ करत उतरला, व्होल्टेज शंभराच्या आसपास आलं आणि प्रोटेक्टरने खट्‌कन वीज तोडली. बाबांनी चष्मा पुसला. “हा इन्व्हर्टर नाही. तुम्हाला साधा अल्टरनेटर डब्यात घालून दिलाय.”

त्यांनी समजावलं ते इथे देते, कारण हीच सगळ्यात सोपी परीक्षा आहे. साध्या जनरेटरात इंजिनाचा वेग आणि विजेची वारंवारता एकमेकांना बांधलेली असतात. अमेरिकेत ६० हर्ट्झ हवेत म्हणून दोन पोलच्या साध्या यंत्राला मिनिटाला ३६०० फेरे मारावेच लागतात, मग एक दिवा लावा नाहीतर दहा. लोड आला की वेग जरा पडतो आणि हर्ट्झही पडतात. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिन कितीही हळू फिरो, आधी डीसी करून मग इलेक्ट्रॉनिक्स बरोब्बर ६० हर्ट्झची वीज बनवतं. म्हणून तो कमी लोडवर हळू फिरू शकतो, आणि म्हणूनच शांत असतो. शांतता ही कव्हरमुळे थोडी आणि या सोयीमुळे जास्त. इन्व्हर्टरच नसेल तर कव्हर कितीही देखणं असो, काय उपयोग?

संध्याकाळी नवऱ्याने बाजूचं पॅनेल उघडलं. इको स्विचच्या मागून दोन वायरी निघाल्या होत्या, चार बोटं लांब, आणि त्यांची टोकं टेपने गुंडाळून फ्रेमला बांधलेली. कशालाच जोडलेली नव्हती. मी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला, तो पुढे कामी आला.

मग स्टिकर. इंजिनावर ईपीएचा (केंद्राच्या पर्यावरण खात्याचा) उत्सर्जनाचा स्टिकर असतो, त्यावर इंजिनाचं आकारमान सीसीमध्ये लिहावं लागतं. आमच्यावर होतं ९८ सीसी. आणि कॅलिफोर्नियात विकायला लागणारा कार्बचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) उल्लेख त्यावर कुठेही नव्हता. खोक्यावर कोणी काहीही छापतं, पण या चिटोऱ्याकडे विक्रेत्याचंही लक्ष नसतं.

९८ सीसीवरून काय कळतं? होंडाचं लाल ईयू २२०० आय घ्या, जे इथल्या प्रत्येक कॅम्पग्राउंडवर दिसतं. इंजिन १२१ सीसी, सतत मिळणारी वीज १८०० वॅट. त्यांचं ईयू ३००० आयएस: १९६ सीसी, २८०० वॅट. ईयू ७००० आयएस: ३८९ सीसी, ५५०० वॅट. भागाकार करून बघा, प्रत्येक वेळी हजार वॅटला ७० सीसीच्या आसपास येतं. या हिशोबाने ४००० वॅटला पावणेतीनशे सीसीचं इंजिन हवं. ९८ सीसीतून उत्तम कारागिरी असती तरी १४०० वॅट. त्यात योसेमिटी व्हॅली ४००० फुटांवर. हवा विरळ झाली की दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्के ताकद जाते, म्हणजे तिथेच १४ टक्के गेले. किटली का उठली नाही ते कळलं. वजनही बोलतं: लाल ईयू २२०० साधारण २१ किलोचं आहे आणि ३००० आयएस ६० किलोच्या घरात. ४००० वॅटचं यंत्र नवऱ्याने एका हाताने डिकीत ठेवलं होतं!

आता थोडं कडू लागेल असं बोलते. या ठगाला मोकळं रान दिलंय ते नामांकित कंपन्यांच्या छापील सवयींनी. त्या ईयू २२०० मधले २२०० वॅट म्हणजे क्षणभराची उसळी आहे, सतत मिळतात ते १८००. जाहिरातीतले ४८ डेसिबल पाव लोडवर मोजलेले असतात. पूर्ण लोडवर तेच यंत्र ५७ वर जातं. हे ते माहितीपत्रकात लिहितात, लपवत नाहीत, पण खोक्यावर मोठा असतो तो सोयीचा आकडा. गिऱ्हाइकाला मोठा वॅट आणि छोटा डेसिबल एवढंच बघायची सवय लागली की ठगाला फक्त तो आकडा आणखी मोठा आणि हा आणखी छोटा छापायचा असतो. डेसिबलचा आकडा किती लोडवर आणि किती अंतरावरून घेतला हे न सांगता दिलेला असेल तर तो नसल्यात जमा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल आपोआप कमी होतात, त्यामुळे लांब उभं राहून मोजलं की कोणीही शांत. राष्ट्रीय उद्यानांचा नियम ५० फुटांवर ६० डेसिबलचा आहे. आमच्याकडे मीटर नव्हता आणि रेंजरबाईंनाही त्याची गरज वाटली नाही. त्या आल्या, हसल्या आणि बंद करा म्हणाल्या. दोन साइट सोडून राहिलेल्या आजोबांनी तक्रार केली होती. त्यांचं काही चुकलं नाही.

(बाबांच्या सीपॅपचं काय झालं? हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर त्यांचं यंत्र रात्रभरात पाव युनिटसुद्धा खात नाही. आता आम्ही १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी नेतो, त्यात सव्वा युनिटच्या वर वीज असते. एसी चालवायचा नसेल तर तुमचंही गणित आधी असं मांडून बघा. जनरेटर लागतोच असं नाही.)

परत आल्यावर पैशांची धडपड. पावतीवर हाताने लिहिलेलं नाव, एक पोस्ट बॉक्स आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का. फोन बंद. शो भरवणाऱ्यांनी हात वर केले, म्हणाले आम्ही फक्त जागा भाड्याने देतो.

इथे एक कायदा माहीत असायला हवा. फेडरल ट्रेड कमिशनचा ‘कूलिंग-ऑफ’ नियम सांगतो की विक्रेत्याने हॉटेल, कन्व्हेन्शन सेंटर किंवा फेअरग्राउंडसारख्या तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा जास्त किमतीचा माल विकला तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तुम्ही सौदा रद्द करू शकता. कारण द्यायची गरज नाही. विक्रेत्याने विकतानाच रद्द करण्याचा फॉर्म दोन प्रतींत द्यायचा असतो. आम्हाला तो दिला नव्हता, कोणाला दिल्याचं ऐकलंही नाही. शनिवार कामकाजाचा दिवस धरतात, रविवार आणि फेडरल सुट्ट्या नाही. म्हणून अशा ठिकाणी घेतलेलं यंत्र त्याच रात्री ऑइल घालून अंगणात चालवून बघा, सहलीची वाट पाहू नका. प्लग-इन वॉट मीटर तीस डॉलरच्या आसपास मिळतो, हर्ट्झही दाखवतो. लोड नसताना आणि १५०० वॅटची किटली लावून, दोन्ही वेळा आकडा ६० वर खिळलेला असेल तर इन्व्हर्टर खरा. यंत्र घरापासून निदान २० फूट लांब आणि धूर घराच्या उलट दिशेला, हे मात्र विसरू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मैत्रिणीच्या नवऱ्याने कार्ड कंपनीकडे ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार केली. सोबत खोक्याचा फोटो, ९८ सीसीचा स्टिकर, हर्ट्झ उतरतानाचा व्हिडिओ आणि त्या लोंबत्या वायरी. विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही आणि त्याचे पैसे परत आले, ४ टक्क्यांसकट. आमच्या बँकेचं उत्तर एका ओळीचं: झेलचा व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलेला आहे. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केली. कार्बकडेही केली, कारण अप्रमाणित इंजिन कॅलिफोर्नियात विकणं हाच वेगळा नियमभंग आहे. तिघांकडून पोच आली आहे, पुढचं काही नाही.

शो पुन्हा भरतील आणि तंबूवरचं नाव बदललेलं असेल. कोणी क्रेडिट कार्डाने असं यंत्र घेतलं असेल आणि ते अजून खोक्यातच पडलं असेल तर आज ते उघडा आणि स्टेटमेंटची तारीख बघा. ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार जायला हवी. आमचे फोटो आणि तक्रारीचा मजकूर हवा असेल तर मागा, पाठवते.