जेसी-१ रंगकिट: पावसाळ्यात जपून वापरा

ईआरवर (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या, कॅल्शियम साठवणाऱ्या जाळ्यावर) ताण आला की त्यातलं कॅल्शियम त्याला चिकटून असलेल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांत) शिरतं. ते प्रमाणाबाहेर गेलं तर मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचा विद्युतभार कोसळतो आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. विद्युतभार कोसळण्याचा हा टप्पा जेसी-१ हा चमकणारा रंग सुरेख दाखवतो: धडधाकट मायटोकॉन्ड्रिया लाल, ढेपाळलेले हिरवे. २ मायक्रोमोलर रंग, ३७ अंशांवर २० मिनिटं पुरतात. तुलनेसाठी एफसीसीपीचा (विद्युतभार मुद्दाम पाडणाऱ्या रसायनाचा) कंट्रोल हवाच.

रत्नागिरीच्या पावसाळ्यात खरी गोम डीएमएसओची, म्हणजे रंग ज्यात विरघळवून ठेवतात त्या द्रावकाची. तो हवेतली ओल ओढतो, रंग साकळतो आणि पेशीबाहेरही लाल ठिपके चमकतात. फ्रीजरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. बफर आधी कोमट करा, मग रंग थेंबाथेंबाने. कॅल्शियमची देवाणघेवाण मात्र यात दिसत नाही. त्यासाठी रोड-२सारखा, मायटोकॉन्ड्रियातलं कॅल्शियम दाखवणारा वेगळा रंग घ्यावा लागतो.