येऊरच्या चढासाठी ११-३४ ची कॅसेट (सायकलच्या मागच्या चाकावरचा चक्रांचा संच), पाच महिने वापरल्यावर

ठाण्यातल्या उपवनहून वर जंगलातल्या येऊरला मी चार वर्षं दर रविवारी सायकलने जातो, एकटाच, कुणाशी रेस नाही, टायमिंग नाही, सावकाश. पण सावकाश जायचं ठरवलं तरी जाता यायचं नाही हाच तर प्रॉब्लेम होता. माझ्या रोड बाईकला पुढे लहान चक्र ३४ दातांचं आणि मागे सगळ्यात मोठं २८ चं, त्यामुळे मिनिटाला ६० पायडल मारायची म्हटली तर चढावरसुद्धा ताशी सव्वानऊ किलोमीटरने जावंच लागतं, आणि त्याहून हळू गेलं की पाय जड होतात, गुडघ्यावर लोड येतो, मग उभं राहून रेटायचं. वर पोचल्यावर काय बघितलं विचाराल तर फक्त पुढचं चाक.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले काका, पाय कमवा, गियर बदलून काय होतंय. वाईट वाटलं मला, ४८ व्या वर्षी गुडघे सांभाळूनच पाय कमवायचे असतात.

शेवटी दुसरीकडून शिमानो कंपनीची एचजी५००, १० स्पीड, ११-३४ ची कॅसेट बसवून घेतली, म्हणजे मागे दहा चक्रं, सगळ्यात लहान ११ दातांचं, सगळ्यात मोठं ३४ चं. चेन आणि मजुरी धरून पाच हजारांच्या आत काम झालं. आता पुढे ३४ मागे ३४, पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, तेवढीच ६० पायडल मारून पावणेआठच्या स्पीडने आरामात चढता येतं. ऐकायला फरक दीड किलोमीटरचा, पण श्वास नाकाने चालू राहतो हो, तोंड उघडावं लागत नाही!

घेण्याआधी एक बघा, मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब केजचा, म्हणजे खालची दांडी लांब असलेला पाहिजे, माझा शिमानोचाच टियाग्रा मॉडेलचा तसाच होता म्हणून वाचलो. आणि जुनी चेन तशीच ठेवू नका, आखूड पडते आणि पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चक्रांवर एकदम टाकली की डिरेलर ताणून मोडू शकतो. डिरेलरचं चक्रापासूनचं अंतर ठरवणारा बी स्क्रू पण ॲडजस्ट करून घ्या, नाहीतर डिरेलरची वरची छोटी पुली ३४ च्या चक्राला घासते, पहिल्या रविवारी माझी घासत होती, चढभर खर्रर्र आवाज.

तो आवाज गेल्यावर मात्र येऊर पहिल्यांदा ऐकू आलं. फेब्रुवारीत चेकनाक्याच्या पुढे एका वळणावर काटेसावर फुललेली होती, पान एक नाही नुसती लाल जाड फुलं, त्यात बुलबुल आणि मैनांची भांडणं, आणि एक फूल टप्पकन माझ्या पुढ्यात डांबरावर पडलं, आत पाणी साठलेलं. चार वर्षं त्याच झाडाखालून जात होतो मी. वरून भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन पाड्यावरच्या बायका उतरत होत्या, त्यांना नमस्कार करायला पण आता दम उरतो.

कमी एकच, शेजारशेजारच्या चक्रांच्या दातांच्या संख्येतला फरक वाढलाय. घोडबंदर रोडला सपाटीवर वारा समोरून असला की हवा तो गियर सापडत नाही, एक हलका वाटतो तर दुसरा जड. रोज सपाटीवर जोरात चालवणाऱ्याने ही घेऊ नये. चढ आवडतो आणि घाई नाही अशांनी बिनधास्त घ्या. फक्त अंधारात निघू नका, बिबट्याचं जंगल आहे ते, नीट उजाडू द्या.

जुनी ११-२८ चांगल्या कंडिशनमध्ये पडून आहे, ठाण्यात कुणाला हवी असेल तर न्या, पैसे नकोत.