‘मोफत दत्तक’ म्हणून मिळालेला रॉटवायलर

मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चाकणजवळच्या एका शेतघरातून एक प्रौढ रॉटवायलर नर दत्तक घेऊन नाशिकला आणला आणि त्या व्यवहारात आमची पूर्ण फसवणूक झाली. एकोणीस हजार रुपये गेले, घरातील एका माणसाला खोल चावा झाला आणि चाव्यानंतर ज्या लसीकरण पुस्तिकेवर भरवसा ठेवायचा, तीच खोटी निघाली. दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

याआधी नऊ वर्षे आमच्याकडे रॉटवायलर मादी होती, त्यामुळे या जातीची भीती आम्हाला नव्हती. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना परिपत्रक पाठवले. त्यात पिटबुल, रॉटवायलर आदी तेवीस जातींच्या विक्रीला व पैदाशीला परवाने देऊ नयेत आणि आधीपासून घरी असलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्यावी, असे म्हटले होते. पाळलेला कुत्रा घराबाहेर काढा, असे त्यात कुठेही नव्हते. पण अफवा तशीच पसरली आणि अनेक घरांतून ही कुत्री नकोशी झाली. (पुढे १० एप्रिल रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले.) त्या गोंधळात एका कुत्र्याला तरी आसरा द्यावा, या विचारात आम्ही असतानाच ती जाहिरात दिसली. मालक दुबईला जाणार, सोसायटीने नोटीस दिलेली, अडीच वर्षांचा कुत्रा शांत, मुलांत वाढलेला, एक पैसाही नको.

पैसे मात्र लागले. वाहतुकीचे सात हजार, प्रशिक्षकाची थकबाकी म्हणून आठ हजार आणि कागदपत्रे आमच्या नावावर करण्याचे चार हजार. प्रत्येक रक्कम वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या मोबाइल क्रमांकावर मागितली गेली. विक्रीच नसल्याने पावतीचा प्रश्न येत नाही, असे कुत्रा देणाऱ्या गृहस्थांनी सांगितले आणि आम्ही ते मान्य केले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा निळ्या पत्र्याच्या शेडसमोर कुत्रा आडवा पडून होता. हात लावला तरी हलला नाही, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा अर्धा वर आलेला दिसत होता. मी त्याला स्वभावाने गरीब समजले. आमच्या पशुवैद्यांनी नंतर हे वर्णन ऐकून शामक औषध दिले असण्याची दाट शक्यता बोलून दाखवली. सिद्ध करण्यासारखे काही हाती नव्हते. त्या गृहस्थांनी “ताई, तुमच्यासारख्या घरात गेला तर माझी काळजी मिटली” असे दोनदा म्हटले. पण आमच्या आवाराची भिंत किती उंच आहे, घरात लहान मूल आहे का, दिवसभर कुत्र्याजवळ कोण असते, यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. जिवापाड सांभाळलेला कुत्रा देणारा माणूस आधी घेणाऱ्याचीच चौकशी करतो, घर पाहायला येतो, करार लिहून घेतो. ही उणीव तिथेच जाणवायला हवी होती, असे मला आज फार वाटते.

कागदपत्रे आम्ही घरी आल्यावर नीट पाहिली आणि तिथेच आमची मोठी चूक झाली. लस टोचल्यावर कुपीवरचे स्टिकर पुस्तिकेत चिकटवण्याची पद्धत आहे, त्यावर बॅच क्रमांक असतो. आमच्या पुस्तिकेत एकही स्टिकर नव्हते, नुसते शिक्के होते आणि शिक्क्यात पशुवैद्यांचा नोंदणी क्रमांक नव्हता. दोन वर्षांच्या सर्व नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या होत्या. वंशावळीच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, क्रमांक होता, पण चिपचा क्रमांक पंधरा अंकी असतो आणि हा चौदा अंकी होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात स्कॅनर मानेपासून खांद्यापर्यंत फिरवला, चिपच नव्हती. झिजलेल्या दातांवरून पशुवैद्यांनी वय पाच वर्षांच्या पुढचे ठरवले आणि गळपट्ट्याखालचा केस गेलेला, कडक झालेला कातडीचा पट्टा दाखवून हा वर्षानुवर्षे साखळीला बांधलेला असावा, असे सांगितले.

चौथ्या दिवशी माझ्या यजमानांनी त्याच्यासमोरचे पाण्याचे भांडे उचलले आणि त्याने त्यांच्या हाताला चावा घेतला. आम्ही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठले. जखम खोल असल्याने तिच्यात व भोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्ये) टोचावे लागले आणि लसीचे डोस पहिल्या दिवसापासून मोजून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी ठरले. कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का, या डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढचे दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवण्यात आम्ही जी धास्ती भोगली, तिची भरपाई कोणत्याही रकमेने होणार नाही.

त्याच आठवड्यात त्या गृहस्थांचा स्वतःहून फोन आला. कुत्रा जमत नसेल तर सहा हजार द्या, मी परत नेतो, असे ते म्हणाले. चाव्याविषयी आम्ही त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता. मी श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप गटात छायाचित्र टाकल्यावर पुण्यातील एका कुटुंबाने तो ओळखला. फेब्रुवारीत तोच कुत्रा दुसऱ्या नावाने त्यांना ‘मोफत’ दिला गेला होता, तिथेही तो चावला होता आणि पैसे घेऊन परत नेला गेला होता. म्हणजे त्याचा चावाच त्या माणसाच्या धंद्याचा भाग होता.

आम्ही त्याला परत दिले नाही. रस्त्यावर सोडून देणे हा प्राण्यांवरील क्रूरतेच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपयेच आहे, ही मला अत्यंत खेदाची बाब वाटते. शेजाऱ्याला चावला असता तर जबाबदारी आमचीच होती: निष्काळजी मालकाला आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून फाटकाच्या आत दुसरे फाटक बसवले, नसबंदी केली, नव्याने लस व चिप दिली, महापालिकेचा परवाना काढला. आज हा कुत्रा, आमचा भैरव, बाहेर जाताना जाळीचे मुसके निमूट घालून घेतो. जेवतो मात्र बंद खोलीत, एकटाच, आणि ते तसेच राहील.

प्रौढ कुत्रा दत्तक घेणाऱ्यांनी किमान दोनदा, त्यातही एकदा न कळवता आणि एकदा त्याच्या जेवणाच्या वेळी, भेट द्यावी. पैसे देण्याआधी आपल्या पशुवैद्यांकडून चिप तपासून घ्यावी, पुस्तिकेतील दवाखान्याला फोन करावा आणि पूर्वी कोणाला चावला आहे का, याचे उत्तर लेखी मागावे.

पोलिसांत तक्रार दिली आहे, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावरही नोंदवली आहे. पुण्याच्या कुटुंबाने त्यांच्या व्यवहाराचे पुरावे जोडले आहेत. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात, जवळजवळ त्याच शब्दांत, पुन्हा पाहण्यात आली. या वेळी पिटबुल आहे, मालक कॅनडाला जाणार आहे आणि मागे तीच निळ्या पत्र्याची शेड आहे.