खाऱ्या हवेत ग्राउंड लूप आयसोलेटर: मिरगाआधी घेतला, शिमग्यापर्यंत वापरला

आधी निकाल सांगतो. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणजे स्पीकरमधली घुंऽऽ थांबवायला आरसीए वायरीत लावायची छोटी डबी. ती काम करते. पण आपला रोग कोणता हे न तपासता मागवलीत तर पैसे पाण्यात.

देवगडातलं आमचं घर जांभ्याचं, सिस्टीम साधी. तीन पिनांचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि डिशच्या सेट-टॉप बॉक्सकडून आलेली लाल-पांढरी आरसीए वायर. भजन थांबलं की मागे घुंऽऽ चालूच. मुंबईहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, प्लगची जाडी पिन काढून टाका, आवाज जाईल." जाईलही. पण उद्या आत कुठे फेज बॉडीला टेकली तर त्या करंटला जमिनीत जायला वाट उरणार नाही आणि हात लावणारा माणूसच वाट होईल. अर्थिंग तोडणं हा उपाय नव्हे, यावर मी वादही घालत नाही.

प्लग काढून ॲम्पच्या मागच्या सगळ्या इनपुट वायरी सोडवल्या. चालू केला तर चिडीचूप. म्हणजे ॲम्प निर्दोष. (तरीही घरघर राहिली असती तर संशय आतल्या फिल्टर कपॅसिटरवर. ते काम दुरुस्तीवाल्याचं; प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज शिल्लक असतो, झाकण उघडायचं नाही.) मग दर वेळी सगळं बंद करून एकेक वायर परत लावली. सेट-टॉप बॉक्स जोडला की घुंऽऽ हजर, आणि बॉक्समागची डिशची केबल सोडवली की गायब. चोर सापडला. ॲम्पचं अर्थिंग बोर्डातून येतं, डिशचं अंगणात रोवलेल्या लोखंडी खांबातून. दोन्हींच्या विजेच्या दाबात जरासा फरक असला तरी आरसीए वायरीच्या जाळीतून ५० हर्ट्झचा बारीक करंट फिरत राहतो (हाच ग्राउंड लूप), आणि स्पीकर तोच ऐकवतो. केबल सोडवताना बोटाला झिणझिण्या आल्या तर मात्र तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मी तर डबीआधीच बोलावला. परसातल्या अर्थिंगच्या पाइपवरचा नटबोल्ट खाऱ्या वाऱ्याने असा गंजला होता की पान्हा लावताच पापुद्रे गळाले. त्याने क्लॅम्प बदलला, मीटरने तपासलं, आणि एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालायला बजावलं. जांभ्यात पाणी टिकत नाही, जमीन सुकली की अर्थिंग ढिलं पडतं. एवढ्यानेच घुंऽऽ बरीच उतरली. उरलेली डबीने घालवली.

डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या-उजव्या चॅनेलला एकेक. गाणं चुंबकीय मार्गाने पलीकडे जातं, तारेचा सलग दुवा तुटतो. मुख्य अर्थिंगला धक्का लागत नाही. वेगळी वीज लागत नाही.

आता तक्रारी. पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा किंचित पातळ झाला. स्वस्त ट्रान्सफॉर्मरना खालचे सूर पेलत नाहीत. बातम्या नि मालिकांना फरक कळत नाही, भजनाला कळतो. पावसाळ्यात आरसीएच्या पिनांवर हिरवट थर चढला आणि एका बाजूचा आवाज तुटायला लागला. सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं, जमलं. लाइट गेली की आमच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कर्रर्र सुरू होतं, तिथे ही डबी काहीच करत नाही. तो कचरा सप्लायमधूनच येतो. आकाशातल्या विजेपासूनही ती वाचवत नाही. मिरगाच्या आधीचे गडगडाट सुरू व्हायच्या आतच प्लगही काढायचा, डिशची केबलही.

स्पीकरच्या वायरीत ती लावू नका, फक्त लाइन लेव्हलला, म्हणजे ॲम्पमध्ये जाणाऱ्या बारीक सिग्नलला चालते. आणि टीव्ही व ॲम्प दोन्हींना ऑप्टिकल सॉकेट असेल तर घेऊच नका. ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, करंट नाही. लूपच होत नाही आणि घुमाराही शाबूत राहतो. माझ्या ॲम्पला ते सॉकेट नाही, म्हणून डबी राहिली आहे.