आजी, मावशी की पाळणाघर? ताप आलेल्या दिवसाचा हिशेब

बाळंतपणाची रजा संपत आली की प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते: बाळाला कोण बघणार? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे १८२ दिवस. ऐकायला सहा महिने. पण बहुतेक जणी त्यातले तीन-चार आठवडे प्रसूतीच्या आधीच घेतात (आठपर्यंत घेता येतात), त्यामुळे कामावर परतायच्या दिवशी बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असतं. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध. म्हणजे तुम्ही जो कुणी निवडाल, त्याला पहिला महिनाभर तरी तुमचं काढून ठेवलेलं दूध पाजावं लागणार आहे. तेव्हा ज्याला त्याला आधी हे विचारा, बाकीचं नंतर.

माझी थोरली सासूबाईंकडे वाढली. धाकट्यासाठी चार महिने मावशी ठेवल्या आणि मग तो पाळणाघरात गेला. राहणं डोंबिवलीत, नोकरी दादरला. तिन्ही सोयी वापरून झाल्यावर माझं मत असं झालंय की कुठलीही सोय चांगल्या दिवसावरून जोखू नये. चांगल्या दिवशी तिन्ही चालतात. मुलाला १०१ ताप आहे, तुमची मीटिंग आहे आणि सिग्नल बिघाडामुळे गाड्या अर्धा तास उशिरा आहेत, त्या दिवशी काय होईल ते बघायचं.

आजीपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. त्या तापाच्या दिवशी आजीला तोड नाही. मूल आजारी आहे म्हणून ती ‘आज आणू नका’ म्हणत नाही, आणि साडेसात वाजले म्हणून घड्याळाकडे बघत नाही. थोरलीला बोलता यायला लागलं तेव्हा तिच्या तोंडी पहिलं वाक्य आलं, “अगं बाई, सांडलं!” हे कुठल्याही डे-केअरमध्ये मिळत नाही.

पण या सोयीची किंमत पैशात दिसत नाही, म्हणून ती नाही असं नव्हे. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं असतं. ते दिवसभर कडेवर घेणाऱ्या बाईचं वय त्रेसष्ट आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सासूबाई आमच्याकडे आल्या, तेव्हा सासरे साताऱ्याला एकटे राहिले आणि त्यांनी डबा लावला. वर्षभर या गोष्टीवर कुणी काही बोललं नाही. दिवाळीत बोलले, सगळे एकदम.

दुसरी गोष्ट म्हणजे गुटी. सासूबाईंनी सहाण काढली, वेखंड-जायफळाचे वेढे दिले आणि शेवटी बोटभर मध घातला. एक वर्षाच्या आत मुलाला मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, हे मला माहीत होतं. मी सांगितलं. उत्तर आलं, “तुझ्या नवऱ्याला मी काय विष पाजलं होतं?” तिथे गप्प बसले आणि पुढच्या लसीला त्यांनाच डॉक्टरांकडे पाठवलं. तेच वाक्य डॉक्टरांकडून ऐकल्यावर मध त्याच दिवशी बंद झाला. धुरीही गेली. काजळ डोळ्यांतून तळपायावर आलं, तिथे मग मीही हट्ट धरला नाही. म्हणून सांगते, आजी निवडणार असाल तर पहिल्या आठवड्यातच त्यांना बाळाच्या डॉक्टरांशी बोलू द्या. सुनेने मध्ये निरोप्या व्हायचं नाही.

आणि आजीला आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. “सांभाळाल ना?” याला कुठली आजी नाही म्हणेल? विचारायचं ते असं: आठवड्यात किती दिवस, किती वाजेपर्यंत, आणि तुम्हाला तुमच्या घरी जायला रजा कधी हवी. आमच्याकडे हे आधी ठरलं असतं, तर ती दिवाळी बरी गेली असती.

मावशींची गोष्ट वेगळी. मूल आपल्या घरात, आपल्या अंथरुणात झोपतं, सकाळी सात वाजता त्याला गुंडाळून बाहेर काढावं लागत नाही. खर्च मात्र सगळ्यांत जास्त. आम्ही बारा तासांच्या मावशींना जे देत होतो, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत पुढे पाळणाघर झालं. शिवाय ब्युरोचं कमिशन वेगळं. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी यात लाजायचं नाही. कॅमेरा लावणार असाल तर सांगून लावा.

आमच्या मावशी अंघोळ अशी घालायच्या की धाकटा पाण्यातच पेंगायचा. त्यांच्याबद्दल माझी तक्रार एकच, आणि तीही मला उशिरा कळली. तो आठ महिन्यांचा असताना एका रविवारी मी त्याला मऊ भात भरवायला बसले, तर तोंडच उघडेना. डोळे माझ्या उजव्या हाताशेजारी काहीतरी शोधत होते. शेवटी कळलं, मोबाइल! रोज दुपारी वाटीशेजारी गाणी लावून घास जात होते. वर्षाच्या आतल्या मुलाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. पण दिवसभर एकट्या बाईने रडतं मूल घेऊन कुणाकडे बघायचं? मावशी वाईट नव्हत्या, एकट्या होत्या. म्हणूनच मी म्हणेन, घरात दुसरं कुणी मोठं माणूस असेल तर मावशी ठेवा.

मग गणपती आले आणि मावशी दहा दिवस गावाला गेल्या. ते तर अपेक्षितच होतं. त्यानंतर एका मंगळवारी सकाळी सव्वासातला फोन आला, “ताई, माझ्या पोराला ताप आहे, मी नाय येत आज.” तापाच्या दिवसाचा हिशेब मी तोवर फक्त माझ्या मुलाचा करत होते.

पाळणाघरांत दोन जाती आहेत. एक शेजारच्या इमारतीतल्या काकू, सहा-सात मुलं, भिंतीला बाराखडीचा तक्ता. दुसरी, मोठ्या नावाची डे-केअर: गणवेश, ॲपवर फोटो, उशीर झाला की अर्ध्या तासाचे वेगळे पैसे. मी काकू निवडल्या. तुम्ही बघायला जाल तेव्हा सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा सगळं झाडून-पुसून लख्ख असतं. दुपारी एक ते तीनमध्ये, न सांगता जा. जेवणं होऊन मुलं पेंगत असतात, त्या वेळी खरं घर दिसतं. लंगोट कोण बदलतं आणि बदलल्यावर हात धुतं का, मुलं गादीवर झोपतात की चटईवर, खिडकीला जाळी आहे का, स्वयंपाकघराला दार आहे का. आत येऊच देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

दुधाबद्दल आधीच पक्कं करून घ्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. मे महिन्यात डोंबिवलीतली कुठली खोली २५ अंशांवर असते? तेव्हा बर्फाच्या पिशवीतून न्यायचं आणि पोचताच फ्रिजमध्ये. पाजताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्ह नाही.

आता ताप. पाळणाघर जितकं चांगलं, तितका त्याचा नियम कडक: ताप असेल, अंगावर पुरळ असेल तर मूल आणू नका. नियम बरोबरच आहे, पण त्या दिवशी तुमच्याकडे कुणीच नसतं. पहिल्या पावसाळ्यात सर्दी-खोकला पाळीपाळीने सातही मुलांना झाला. माझ्या आठही सीएल (किरकोळ रजा) ऑगस्टअखेर संपल्या. उलट गाड्या बंद पडल्या त्या संध्याकाळी काकूंनी धाकट्याला वरण-भात भरवून ठेवला होता, आणि तो मोबाइलशिवाय जेवला होता. समोर सहा जण जेवताना दिसले की स्क्रीन लागत नाही.

ऑफिसच्या पाळणाघराचंही कुणी सुचवेल. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्याने ते लागतं, दिवसातून चार वेळा जाऊन बाळाला बघताही येतं. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर डोळे मिटून तीच सोय घ्या. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलला पाच महिन्यांचं बाळ घेऊन चढायचं असेल, तर विषय सोडून द्या.

मला पुन्हा निवडायचं झालं तर असं करीन: वर्षाच्या आत आजी खुशीने येत असतील तर आजी, आणि त्यांच्या मदतीला अर्ध्या दिवसाच्या मावशी, कारण उचलायचं काम मावशींचं आणि नजर आजीची. वर्ष-दीड वर्षानंतर घरगुती पाळणाघर, आजी असल्या तरीही. आणि आजी नसतीलच, तर पाच महिन्यांच्या बाळालाही मी दिवसभर एकट्या मावशींपेक्षा चार जणांची नजर पडते अशा काकूंकडे ठेवीन. माझ्या बहिणीला हे अजिबात पटत नाही. तिच्याकडे एकच मावशी सहा वर्षं टिकल्या, नशीब एकेकाचं.

तापाच्या दिवसाचा प्रश्न मात्र यातल्या कुठल्याच सोयीने पूर्ण सुटत नाही. तो आम्ही फ्रिजवर कागद चिकटवून सोडवला. सम तारखेला ताप आला तर नवरा घरी, विषम तारखेला मी. ३१ नंतर पुन्हा १ येते, म्हणजे लागोपाठ दोन विषम, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा कागदावर त्याची सही झालेली होती आणि माझीही.