सी जीवनसत्त्वाची गोळी की धावताना साखर?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मैत्रिणीला दर लांब धावेनंतर घसा धरतो. तिचा प्रश्न: गोळी सुरू करू की सोबत सरबत ठेवू?

पुरावा गोळीच्या बाजूने जरा जास्त आहे. सर्वसामान्य माणसाची सर्दी ती टाळत नाही. पण मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यावरच्या चाचण्यांत रोज घेतल्यावर सर्दी होण्याचं प्रमाण साधारण निम्मं झालं. सर्दी झाल्यावर सुरू केली तर मात्र फारसा उपयोग दिसला नाही. साखरेचं काम वेगळं. तासाला ३० ते ६० ग्रॅम पोटात गेली की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं आणि प्रतिकारशक्ती दाबणारं संप्रेरक, कमी चढतं. त्यामुळे सर्दी कमी होते का, याचा पुरावा कच्चा आहे.

खर्च दोन्हींचा किरकोळ. उलट, १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास सी जीवनसत्त्व असतं, मग गोळी कशाला? आणि रोज १००० मिलिग्रॅमचा मारा नकोच: सरावाचा फायदा घटू शकतो, मुतखड्याचा इतिहास असेल तर धोकाही.

त्रास सरबताचा जास्त. बाटली वागवा, पोट सवयीला आणा.

दीड तासाहून लांब धावणाऱ्याने सरबत घ्यावं, दमही टिकतो. शर्यतीआधीच्या जड आठवड्यांत वारंवार सर्दी होणाऱ्याने पेरू-आवळा किंवा कमी मात्रेची गोळी. रोज पाचच तास झोपणाऱ्याने आधी झोप वाढवावी.